कार्यालयीन मालिकांतील प्रेमकथा लग्नानंतर का मंदावते?

कार्यालयावर आधारित मालिकेतील जोडीचे लग्न झाले की भाग पूर्वीसारखे रंगत नाहीत, अशी प्रेक्षकांची तक्रार असते. अमेरिकेतील ‘द ऑफिस’ (२००५-२०१३) या विनोदी मालिकेत जिम आणि पॅम यांचा विवाह नऊपैकी सहाव्या पर्वात, २००९ मध्ये झाला. त्यानंतरच्या भागांच्या दर्जाविषयी चाहत्यांमध्ये आजही मतभेद आहेत.

‘झी मराठी’वर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘का रे दुरावा’ने हा क्रमच उलटा केला. जय आणि अदिती आधीपासूनच विवाहित. मात्र नोकरी अविवाहितांनाच मिळणार असल्याने ते सहकाऱ्यांपासून नाते लपवतात. लग्न झाले, तरी उत्सुकता उरते. कारण गुपित फुटले तर रोजगारच जाणार असतो. अडसर कार्यालयातूनच निर्माण झाला, तर लग्नानंतरही प्रेमकथा टिकू शकते.