नावावरून पत्ता : घरच्या घरी डी.एन.एस.ची साठवण

कफ परेडच्या मच्छीमार नगरात परक्या माणसाला घर शोधावयाचे असले, तर तो क्रमांक वाचत हिंडत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदारास नाव सांगतो, आणि दुकानदार हाताने गल्ली दाखवतो. किनाऱ्यावरच्या होडीचेही तसेच. तिचे नाव सर्वांच्या तोंडी. नोंदणीचा क्रमांक कचेरीच्या कामाचा. इंटरनेटवरील यंत्रांची तऱ्हा याहून निराळी नाही. ती एकमेकांस क्रमांकाने ओळखतात, आपण त्यांना नावाने हाक मारतो. या दोहोंची गाठ घालून देणारी जी व्यवस्था, तिला डी.एन.एस. म्हणतात.

आरंभी हे काम एका यादीवर भागे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती ठेवलेली असे आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. यंत्रे वाढली, यादी पुरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी कारभार वाटून देण्याची योजना मांडली. तीत सगळी यादी कोणा एकाकडे नाही. मुळाशी तेरा नावांचे सर्व्हर आहेत; त्यांच्या प्रती जगभर, मुंबईतही, मांडलेल्या आहेत. त्यांना ‘.इन’ कोण सांभाळतो, ‘.कॉम’ कोण सांभाळतो, एवढेच ठाऊक. ते पुढचे दार दाखवतात, त्या दारचा मनुष्य त्याच्या पुढचे.

दर खेपेस इतकी दारे ठोठावणे परवडणारे नव्हे. म्हणून मिळालेले उत्तर साठवून ठेवतात. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद खरे धरावे हेही लिहून येते. ३६०० असेल तर तासभर. मुदत सरली की पुन्हा विचारावयाचे. ही मुदत नसती तर बिऱ्हाड हलवून गेलेल्या माणसाच्या जुन्या दारावरच आपला दुकानदार लोकांना पाठवीत राहिला असता!

एरवी ही साठवण इंटरनेट पुरविणारी कंपनी करते. तीच घरात करता येते. हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय संगणक त्यास पुरतो. त्यावर ‘अनबाउंड’ नावाचा, नेदरलँड्समध्ये तयार झालेला, मोफत मिळणारा प्रोग्राम बसवावा. संगणकास घरातला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि राउटरमध्ये तोच डी.एन.एस. म्हणून नोंदवावा, म्हणजे घरचे सर्व फोन त्यालाच विचारू लागतात. प्रश्न मात्र घरच्याच यंत्रांकडून घ्यावेत. बाहेरच्यांना दार उघडे राहिले, तर तिसऱ्याच कोणावर उत्तरांचा भडिमार करण्यासाठी त्याचा दुरुपयोग होतो. पारख ‘डिग’ या आज्ञेने करावी. तेच नाव लागोपाठ दोनदा विचारले, तर दुसऱ्या खेपेस लागलेला वेळ शून्य वा एक मिलिसेकंदावर आलेला दिसतो.

वेग वाढेल म्हणून मात्र कोणी या खटाटोपात पडू नये. कंपनीचा सर्व्हरही जवळच असतो; फरक डोळ्यांना क्वचितच जाणवेल. गुप्ततेचेही फार मानू नये, कारण हे प्रश्न उघड्या पत्रासारखे कंपनीच्याच तारेतून जातात. खरा लाभ आहे तो उत्तराची शहानिशा स्वतः करण्याचा. साठवणीत खोटा पत्ता घुसवून बँकेऐवजी भामट्याच्या दारी नेता येते, हे डॅन कामिन्स्की यांनी २००८ साली दाखवून दिले. त्यावर ठोस उपाय म्हणजे उत्तरावरची सही तपासणे, आणि अनबाउंड ते काम करतो.

या शहानिशेनेच आम्हांस एकदा पेचात टाकले. नगरातील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही हे यंत्र मांडून दिले होते. पावसाळी मासेमारीबंदीत ते कुटुंब गावी गेले आणि जाताना सगळे बंद करून गेले. बंदी उठण्याच्या आदल्या रात्री घरातल्यांनी समुद्राच्या लाटांचा अंदाज पाहावयास हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे पान उघडले, तर ते उघडेना. दुसरेही काही उघडेना. तारेत दोष नव्हता. पहाटे होडी लोटावयाची आणि लाटांची वार्ता नाही! अखेर शेजाऱ्याच्या मोबाइलवर ती पाहिली गेली.

दोष सापडला घड्याळात. या स्वस्त संगणकांच्या पुष्कळ नमुन्यांत वीज गेल्यावर चालणारे घड्याळ नसते. आमचे यंत्र जागे झाले ते दोन महिने मागच्या तारखेवर. सह्यांवर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असे असते. यंत्राच्या लेखी त्या सह्या अजून व्हावयाच्याच होत्या, म्हणून त्याने सगळी उत्तरे खोटी ठरविली. खरी वेळ विचारावी तर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचाही पत्ता नावानेच शोधावयाचा, आणि तेही उत्तर खोटे! किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, असा तो प्रकार.

आम्ही मग नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे छोटे घड्याळ त्याला जोडले आणि वेळेच्या सर्व्हरचे नाव तेवढे तपासणीतून वगळले. शिवाय राउटरचा डी.एन.एस. पुन्हा कंपनीकडे कसा वळवावयाचा, हे कागदावर लिहून भिंतीला लावले. राउटरमध्ये दुसरा क्रमांक कंपनीचा घालून का ठेवू नये, असे त्या घरच्या मुलाने विचारले. त्याचे उत्तर असे, की बरेच फोन दुसऱ्याला केवळ अडचणीपुरते राखीत नाहीत. मनास येईल तेव्हा त्यालाही विचारतात, आणि मग ती उत्तरे तपासणीविनाच घरात येतात.