कुजबूज आणि जबानी

एखाद्या नावाजलेल्या, विश्वासातल्या माणसावर मुलांच्या लैंगिक शोषणाचा आरोप झाला की लोकचर्चा बहुधा दोन टोकांना जाते: एक तर ‘तो तसा नाही’ म्हणून तक्रार झटकली जाते, नाही तर नाव उच्चारले गेले एवढ्यावरच दोष सिद्ध झाला असे धरले जाते. या प्रतिक्रिया परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचे मूळ एकच असते, कारण तक्रारदार नेमके काय, कुठचे आणि केव्हाचे सांगतो हे तपासण्याऐवजी दोन्हींत आरोपीच्या प्रतिमेवरूनच निकाल लावला जातो. २०१२ च्या अखेरीस ब्रिटनने ही दोन्ही टोके जेमतेम सव्वा महिन्यात अनुभवली.

जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा निवेदक मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या एका कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचला होता, स्टोक मँडव्हिल रुग्णालयासाठी त्याने मोठा निधी उभारला होता आणि १९९० मध्ये त्याला ‘सर’ हा किताबही मिळाला होता. त्याच्याविषयीची कुजबूज मात्र जुनीच होती. इतकी की २००० सालच्या एका माहितीपटात लुई थरो याने त्याला त्याबद्दल कॅमेऱ्यासमोरच छेडले, तेव्हा ‘मला मुले आवडत नाहीत’ असे आपण मुद्दाम सांगतो, म्हणजे सनसनाटी वृत्तपत्रे पाठ सोडतात, असा खुलासा त्याने केला. अशी कुजबूज गुन्हेगाराला अडचणीत आणते असे वाटते, पण प्रत्यक्षात ती त्याची ढाल ठरते, कारण जे सर्वांनाच ठाऊक आहे ते पोलिसांना सांगणे हे कोणा एकाचे काम राहत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सॅव्हिल मेला तो सन्मानाने. त्याच्याविषयी बीबीसीच्याच ‘न्यूजनाइट’ या कार्यक्रमाने सुरू केलेला शोध त्या वर्षअखेरीस गुंडाळला गेला, आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीने पीडितांच्या मुलाखती दाखवल्यावरच बांध फुटला. जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालानुसार सुमारे ४५० जण पुढे आले आणि २८ पोलीस दलांकडे मिळून २१४ गुन्ह्यांची नोंद झाली.

या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग मात्र त्याच्या हयातीतला आहे. २००९ मध्ये सरे परगण्याच्या पोलिसांनी सॅव्हिलची चौकशी केली, तीही स्टोक मँडव्हिलमध्ये, म्हणजे त्याच्याच प्रभावक्षेत्रात; पुढे एकही तक्रारदार महिला न्यायालयात साक्ष द्यायला तयार नाही या कारणावरून खटला भरला गेला नाही. सरकारी अभियोग विभागासाठी ॲलिसन लेविट या वकिलांनी नंतर कागदपत्रे तपासली, तेव्हा असे दिसले की आपल्यासारख्या आणखीही तक्रारदार आहेत हे या महिलांना सांगितलेच गेले नव्हते, आणि ते सांगितले असते तर त्यांच्यापैकी काहीजणी साक्षीला उभ्या राहिल्या असत्या. अफवा गावभर फिरत होती, पण जिला ती माहिती खरोखर हवी होती तिच्यापर्यंत तेवढी पोहोचली नाही.

सॅव्हिलवरचा शोध गुंडाळण्याच्या चुकीची भरपाई करायला निघालेल्या ‘न्यूजनाइट’ने २ नोव्हेंबर २०१२ रोजी उत्तर वेल्समधील बालगृहांतल्या जुन्या शोषणावर वृत्तांत दाखवला आणि त्यात एका तक्रारदाराच्या हवाल्याने मार्गारेट थॅचर यांच्या काळातील एका बड्या हुजूरपक्षीय नेत्याकडे, नाव न घेता, बोट दाखवले. नाव गाळणे ही खबरदारी वाटली असेल, परंतु नुसत्या सूचनेने लोकांना कोडे घातले जाते आणि मग जो तो उत्तर शोधू लागतो. ट्विटरवर काही तासांतच लॉर्ड मॅकअल्पाइन यांचे नाव पसरले. तक्रारदाराला त्यांचे छायाचित्र दाखवून खात्री करणे किंवा खुद्द मॅकअल्पाइन यांना विचारणे, या वार्ताहराला पहिल्या दिवशी शिकवल्या जाणाऱ्या दोन गोष्टी बीबीसीने केल्याच नव्हत्या. आठवडा उलटतो न उलटतो तोच तक्रारदाराने छायाचित्र पाहिले आणि हा तो माणूस नव्हे असे सांगून माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, बीबीसीचे महासंचालक जॉर्ज एंटव्हिसल यांनी राजीनामा दिला.

या बदनामीपोटी मॅकअल्पाइन यांना बीबीसीने १,८५,००० आणि आयटीव्हीनेही १,२५,००० पौंड भरपाई दिली. कायद्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा ठरला तो सॅली बरको यांच्यावरचा दावा. संसदेच्या तत्कालीन सभापतींच्या या पत्नीने आरोप असा केलाच नव्हता. मॅकअल्पाइन यांचे नाव आज एवढे का गाजते आहे, असे विचारून पुढे ‘निरागस चेहरा’ एवढेच त्यांनी लिहिले होते. मे २०१३ मध्ये न्यायालयाने हीदेखील बदनामीच ठरवली, कारण गर्भितार्थाने, म्हणजे न लिहिता सुचवलेल्या अर्थाने, वाचकाला जे समजते त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. भोळेपणाचे सोंग न्यायालयात टिकत नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

पोलीसही या लाटेतून सुटले नाहीत. २०१४ मध्ये लंडनच्या एका तपास अधिकाऱ्याने ‘निक’ या टोपणनावाच्या तक्रारदाराचे शोषणाविषयीचे म्हणणे विश्वासार्ह आणि खरे असल्याचे तपासाच्या सुरुवातीलाच जाहीर केले, त्यावरून नव्वदी ओलांडलेले माजी लष्करप्रमुख लॉर्ड ब्रॅमॉल यांच्या घराची झडती झाली, आणि २०१९ मध्ये तो सारा बनाव असल्याचे सिद्ध होऊन ‘निक’लाच अठरा वर्षांची कैद झाली.

उत्तर वेल्समधील शोषण मात्र बनाव नव्हते. मॅकअल्पाइन प्रकरण पेटले असतानाच तेथील जुन्या तक्रारींचा नव्याने तपास जाहीर झाला, पोलिसांनी एकेकाची जबानी नोंदवली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये जॉन ॲलन याला जन्मठेप झाली. तो कोणी मंत्री किंवा लॉर्ड नव्हता, तर रेक्सम परिसरातील बालगृहांचा मालक होता, आणि अशाच गुन्ह्यांसाठी १९९५ मध्ये त्याला एकदा शिक्षाही झाली होती.