नव्या बॅटरीला जुन्या बॅटरीची जोड

रायपूरलगतचा उरला परिसर कारखान्यांसाठी ओळखला जातो. विदर्भाप्रमाणेच येथेही मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीत त्याहूनही अधिक. घरगुती सौर संचाच्या बॅटऱ्या बहुधा अशाच खोलीत ठेवलेल्या असतात. शिसे-आम्ल बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे दोहोंपैकी एक बॅटरी आधी थकते. दोन्ही बदलण्याइतका पैसा हाताशी नसतो, आणि घरमालक एकच नवी आणून जुनीशी जोडून देतो.

समजा, २४ व्होल्टच्या संचात १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या आहेत. एक नवी आहे. दुसरीत जेमतेम ९० ॲम्पिअर-तास क्षमता शिल्लक आहे. दोन पंखे व काही दिवे चालविण्यास १० ॲम्पिअर प्रवाह लागत असेल, तर एकसर जोडणीत तो दोहोंतून सारखाच वाहतो. नऊ तासांत जुनी रिकामी होते. नवीत मात्र बराच भार शिल्लक असतो. इन्व्हर्टर केवळ एकूण दाब पाहतो. २१ व्होल्टला तो बंद होणार असेल, तर नवी १२.१ व्होल्टवर असताना जुनी ८.९ पर्यंत खाली ओढली जाते. तिच्यासाठी १०.५ ही मर्यादा होती.

सकाळी याच्या उलट घडते. प्रभारणाचा २८.८ व्होल्ट दाब दोघींत १४.४ असा समान वाटला जाणे अपेक्षित असते. जुनी लवकर भरते, तिचा दाब १५ च्या वर जातो, पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात व पातळी घटते. नवीच्या वाट्याला साडेतेराच्या आसपास दाब येतो. ती रोज अर्धवट भरते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर साचतात. पावसाळ्यात आठवडाभर ढग राहिले तर हे अधिकच वेगाने होते. म्हणजे काही महिन्यांत नवी बॅटरीही जुनी होते, आणि वाचविलेला पैसा तिच्याबरोबरच जातो.

समांतर जोडणी थोडी सोशीक असते, कारण दाब आपोआप सारखा होतो. तरी नवीचा अंतर्गत रोध कमी असल्याने बहुतेक भार तिच्यावरच पडतो. आणि जुनीतील एखादा कोष आतून जुळून निकामी झाला असेल, तर नवी रात्रभर तिच्यात रिकामी होत राहते. एकाच प्रकारच्या, एकाच वयाच्या, पण भिन्न क्षमतेच्या बॅटऱ्या समांतर चालू शकतात. एकसर मात्र नाही. शिसे-आम्ल व लिथियम यांची थेट जोडणी तर टाळलीच पाहिजे: स्थिर अवस्थेत पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.७ व्होल्टवर असते, तर चार कोषांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १३.३ च्या आसपास. शिवाय दोघींच्या प्रभारणाच्या रीती भिन्न आहेत.

जोडण्यापूर्वी जुनीची परीक्षा सोपी आहे. ती पूर्ण भरून, सुटी करून रात्रभर ठेवावी आणि हायड्रोमीटरने प्रत्येक कोषातील आम्लाची घनता पाहावी. कोषाकोषांत ०.०३० हून अधिक फरक आढळला, तर तिच्या सोबतीला नवी देणे म्हणजे तोटा ओढवून घेणे होय. हायड्रोमीटरला फार खर्च येत नाही. तरी तो घरोघरी दिसत नाही, हे आश्चर्यच.

कोष ठीक असून केवळ क्षमता घटली असेल, तर जुनीला स्वतंत्र छोटा पॅनेल व स्वतःचा चार्ज कंट्रोलर देऊन अंगणातील वा गोठ्यातील एलईडी दिव्यांपुरते वेगळे ठेवावे. मुख्य संचासाठी एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या बॅटऱ्या वापराव्यात. दोघींमध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवावे. निकामी बॅटरी भंगारात फोडू देऊ नये. तिच्यात शिसे व गंधकाम्ल असते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन वा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे सोपवायची असते. बहुतेक विक्रेते नवी घेताना जुनीचे मोल वजा करून देतात.