फाइल आपली, किल्ली कुणाकडे?

परीक्षा तोंडावर आली होती. नमुन्यासाठी सातवीची जुनी उर्दू प्रश्नपत्रिका शाळेच्या नव्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर नुसते चौकोन! ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाइप केली होती, ते या संगणकात नव्हते. जुन्या फाँटातल्या मराठी पत्रांचीही तीच गत. मेहनत आमची, किल्ली मात्र दुसऱ्याकडे.

रोह्याहून पेणला घरी आल्यावर पुण्यात प्रोग्रामर असलेल्या भाच्याला फोन लावला.

"खाला, पेणचे पापड दुकानात मिळतात, पण मसाल्याचं प्रमाण कुणी सांगतं का? बरीच सॉफ्टवेअर तशीच असतात. ओपन सोर्समध्ये पापडाबरोबर प्रमाणही मिळतं. बघा, बदला, दुसऱ्याला द्या."

"म्हणजे फुकट?"

"फुकट वेगळं, खुलं वेगळं. मोबाइलमधली कितीतरी अ‍ॅप फुकट आहेत, पण आत काय चाललंय ते कुणाला दिसतं?"

त्याने सांगितलेली एक हकीकत पटली. 2010 मध्ये ओरॅकलने सन ही कंपनी विकत घेतली. तिच्यासोबत ओपनऑफिसही नव्या मालकाकडे गेले. ते घडवणाऱ्या अनेकांना हा मालक भरवशाचा वाटेना. प्रमाण खुले होते, म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी लिबरऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. आज ते मराठीतही वापरता येते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात त्याचे धडे मराठीतून मोफत मिळतात.

मग मोठ्या कंपन्या वाईटच का? यावर प्रोग्रामर मंडळींतही एकमत नाही. काहींना त्यांचा भरवसा नाही. काही म्हणतात, लिनक्सचे पुष्कळसे काम त्यांच्याच पगारावरची माणसे करतात. उर्दूसाठीचा 'नोटो नस्तालिक' हा खुला फाँट गूगलनेच 2014 मध्ये दिला. मुंबईच्या 'एक टाइप'ने देवनागरीसाठी 'मुक्ता' आणि 'बलू' हे फाँट असेच खुले ठेवले.

पण खुले म्हणजे बिनचूक नव्हे. 2014 मध्येच 'ओपनएसएसएल'मध्ये 'हार्टब्लीड' नावाची चूक सापडली. जगभरातल्या असंख्य वेबसाइटची सुरक्षा त्यावर होती आणि सांभाळणारी माणसे मूठभर. विहिरीचे पाणी सगळे भरतात, गाळ काढायला मात्र दोघे-चौघेच उतरतात, तसेच हे.

माझी ती प्रश्नपत्रिका मी दोन रात्री जागून नव्याने टाइप केली, या वेळी युनिकोडमध्ये. तुम्हीही मुलांचे निबंध, जमातीचे हिशेब, अब्बांच्या आठवणी युनिकोडमध्येच लिहा. एक प्रत लिबरऑफिसच्या ओडीटी स्वरूपात आणि एक पीडीएफमध्ये ठेवा. नवे सॉफ्टवेअर घेताना दुकानदाराला किमतीआधी एक प्रश्न विचारा: "उद्या हे सोडलं, तर माझ्या फाइली माझ्यासोबत येतील ना?"