सागरी पर्यटन व डासजन्य रोग

सागरी पर्यटन व डासजन्य रोग : उष्ण कटिबंधातील बंदरांना भेटी देत जाणाऱ्या प्रवासी जहाजावरून सहल करताना डासांमार्फत पसरणाऱ्या रोगांची लागण होण्याचा संभव कितपत असतो आणि प्रवासापूर्वी त्याचे मूल्यमापन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. डेंगू, चिकुनगुन्या, झिका, पीतज्वर व हिवताप हे यांतील प्रमुख रोग होत. पहिले चार विषाणुजन्य असून शहरे व वस्त्या यांत ते मुख्यतः ईडिस ईजिप्ताय या डासाच्या मादीमुळे पसरतात. हिवताप प्लास्मोडियम वंशाच्या परजीवीमुळे होतो व त्याचा प्रसार ॲनॉफेलीस वंशाच्या डासांच्या माद्या करतात [⟶ हिवताप]. क्रूझ या नावाने ओळखले जाणारे हे पर्यटन जगात सर्वाधिक प्रमाणात कॅरिबियन समुद्रात चालते. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने त्या प्रदेशाला धरून केले आहे.

जहाज आणि किनारा : आधुनिक प्रवासी जहाजावर या रोगांचा धोका जवळजवळ नसतो, तो किनाऱ्यावर असतो. पूर्वी स्थिती याच्या नेमकी उलट होती. शिडाच्या जहाजांवर पिण्याचे पाणी लाकडी पिंपांत साठवीत. त्या पाण्यात ईडिस डासांच्या पिढ्यामागून पिढ्या वाढत आणि खलाशांच्या रक्तावर पोसल्या जात. एकदा पीतज्वराचा रुग्ण जहाजावर आला म्हणजे आठवडेच्या आठवडे रोग जहाजावर रेंगाळे. आफ्रिकेतून गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांमधूनच हा डास आणि पीतज्वराचा विषाणू अमेरिका खंडात पोहोचले, असे मानले जाते. त्याचे परिणाम इतिहासाला परिचित आहेत. १८०२ मध्ये सध्याच्या हैतीत उतरलेल्या फ्रेंच सैन्याचा मोठा भाग पीतज्वराने नष्ट झाला व सेनापती लक्लेर हाही त्याच वर्षी याच रोगाने मरण पावला. पनामा कालव्याचा पहिला, फ्रेंचांनी केलेला प्रयत्न फसण्यामागेही पीतज्वर व हिवताप ही मोठी कारणे होती. क्यूबातील वैद्य कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये हा रोग डासांमुळे पसरतो असे प्रतिपादन केले. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते प्रयोगांनी सिद्ध केले आणि विल्यम गॉर्गस यांनी आधी हॅवाना व नंतर पनामा येथे डासांची उत्पत्तिस्थाने नष्ट करून १९१४ मध्ये कालवा खुला होण्याचा मार्ग मोकळा केला. आज त्याच कालव्यातून पर्यटकांची जहाजे जातात.

आजच्या जहाजावर पाण्याच्या टाक्या बंद असतात, पोहण्याच्या तलावात क्लोरीन असते, खोल्या वातानुकूलित असतात आणि जहाज बहुधा सायंकाळी बंदर सोडते. ईडिस डास साधारणतः आपल्या जन्मस्थानापासून काही शे मीटरांच्या आतच आयुष्य घालवितो. भर समुद्रात तो जहाजाचा पाठलाग करीत येत नाही. बंदरात उभ्या जहाजावर एखादा डास शिरू शकतो, पण तो अपवाद. त्यामुळे धोक्याचे पहिले माप म्हणजे किनाऱ्यावर घालविलेला वेळ. सात दिवसांच्या सहलीत तीन-चार बंदरे आणि प्रत्येक बंदरात सु. आठ तास धरले, तर एकूण १६८ तासांपैकी २४ ते ३२ तासच प्रवासी डासांच्या टप्प्यात असतो. त्याच बेटावर हॉटेलात आठवडा काढणाऱ्या प्रवाशाच्या तुलनेने हे प्रमाण बरेच कमी आहे.

मात्र केवळ तास मोजून भागत नाही. ते तास दिवसाचे कोणते, हेही पहावे लागते. ईडिसची मादी दिवसा चावते, विशेषतः सूर्योदयानंतरचे व सूर्यास्तापूर्वीचे काही तास. सावलीत आणि घरात तर दिवसभर. प्रवासी किनाऱ्यावर असतो तो नेमका याच वेळी. ॲनॉफेलीस डास सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावतात आणि त्या वेळी जहाज बहुधा समुद्रात असते. म्हणजे सहलीचे वेळापत्रकच प्रवाशाला हिवतापापासून बरेचसे संरक्षण देते, परंतु डेंगू, चिकुनगुन्या व झिका यांपासून देत नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला दारे-खिडक्या लावून घेण्याची जुनी सवय आहे. ती ॲनॉफेलीस व क्यूलेक्स यांच्यासाठी उपयुक्त, पण ईडिसचे काम तोपर्यंत बहुतेक झालेले असते.

ऋतूचाही विचार करावा लागतो. कॅरिबियन प्रदेशात पावसाळा साधारणपणे जून ते नोव्हेंबर असतो. पर्यटनाचा मुख्य हंगाम, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल, त्या मानाने कोरडा असतो व डासांचे प्रमाण घटलेले असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस हे चक्र फिरते. ब्राझीलमध्ये डेंगूचा जोर वर्षाच्या पहिल्या सहामाहीत असतो.

हिवताप : कॅरिबियन बेटांपैकी फक्त हिस्पॅनिओला या बेटावर, म्हणजे हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक या देशांत, हिवताप स्थायी स्वरूपात आढळतो. तेथील परजीवीवर क्लोरोक्विन अद्याप परिणामकारक आहे. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेलीझ या देशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हिवतापमुक्त म्हणून प्रमाणित केले. दिवसा उतरून सायंकाळी परतणाऱ्या प्रवाशाला या प्रदेशात प्रतिबंधक औषधाची गरज सहसा पडत नाही. ॲमेझॉन नदीतून आत जाणाऱ्या किंवा पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत रात्री मुक्काम करणाऱ्या जहाजांची गोष्ट निराळी. तेथे वैद्याच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे.

डेंगू : या सहलींत डासांमुळे काही होण्याचा सर्वाधिक संभव असेल, तर तो डेंगू ज्वराचा. २०२४ या वर्षी अमेरिका खंडातील देशांत मिळून १.२५ कोटींहून अधिक रुग्णांची नोंद झाली. तोपर्यंतच्या कोणत्याही वर्षापेक्षा हा आकडा मोठा होता. डेंगूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर प्रतिरक्षा मिळते. इतर तीन प्रकारांविरुद्ध मात्र ती काही महिनेच टिकते. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास पहिल्या वेळचे प्रतिपिंड रक्षण करण्याऐवजी विषाणूला पेशींत शिरण्यास मदत करू शकतात, आणि रक्तस्राव व रक्तदाब घसरणे अशा गंभीर रूपात रोग प्रकट होण्याचा संभव वाढतो.

हा मुद्दा भारतीय प्रवाशाला विशेष लागू पडतो. युरोपातील प्रवाशाला बहुधा डेंगू कधीच झालेला नसतो. मुंबई, पुणे वा पणजी येथे वाढलेल्या प्रौढाला तो एकदा, कदाचित नकळत, होऊन गेलेला असण्याचा बराच संभव असतो. पाश्चात्य पुस्तिकांमधील सल्ला जसाच्या तसा उचलणे म्हणूनच योग्य नाही. दुसऱ्या बाजूने, पावसाळ्यानंतर आपल्याच शहरात घालविलेल्या एका महिन्यात डेंगू होण्याचा धोका हा कॅरिबियन बेटावरील तीस तासांपेक्षा कमी असेलच असे नाही. डेंगूच्या भीतीने सहल रद्द करण्यास आधार थोडा आहे. संरक्षणाची साधने घरी ठेवून जाण्यास त्याहूनही थोडा. डेंगूवरील सध्या वापरात असलेल्या एका लशीच्या दोन मात्रांमध्ये तीन महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. ऐन वेळी ठरलेल्या सहलीला तिचा उपयोग नाही.

चिकुनगुन्या : या रोगाचे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतील असून ‘वाकविणारा’ असा त्याचा अर्थ आहे. सांध्यांच्या वेदनांनी वाकलेल्या रुग्णावरून ते पडले. भारतात २००५-०६ मध्ये याची मोठी साथ आली होती. अमेरिका खंडात त्याचा स्थानिक प्रसार डिसेंबर २०१३ मध्ये सेंट मार्टिन या बेटावर प्रथम आढळला. क्रूझ जहाजांच्या नेहमीच्या थांब्यांपैकी ते एक आहे. सुमारे वर्षभरात रोग बहुतेक सर्व कॅरिबियन बेटांवर पसरला. मृत्यूचे प्रमाण अल्प असले, तरी वयस्कांमध्ये सांधेदुखी कित्येक महिने टिकते. जिवंत क्षीणित विषाणूंपासून केलेली एक लस अमेरिकेत २०२३ मध्ये संमत झाली. परंतु विशेषतः वृद्धांमध्ये गंभीर दुष्परिणाम आढळल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे तिचा परवाना निलंबित करण्यात आला.

झिका : हा विषाणू १९४७ मध्ये युगांडातील झिका अरण्यातील एका माकडात सापडला. २०१५ मध्ये ब्राझीलमधील साथीनंतर डोके असाधारण लहान असलेली अर्भके जन्मास येऊ लागल्याचे लक्षात आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १ फेब्रुवारी २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपली. त्यानंतर रुग्णसंख्या पुष्कळ घटली, परंतु विषाणू नाहीसा झालेला नाही. इतर प्रौढांस झिका सहसा सौम्य असतो, पुष्कळदा तो झाल्याचे कळतही नाही. गर्भवतीच्या बाबतीत मात्र हिशेबच बदलतो : संभव अल्प असला, तरी होणारी हानी आयुष्यभराची असते. त्यावर लस नाही. साथ चालू असलेल्या प्रदेशातील सहल गर्भवतीने पुढे ढकलणे हेच इष्ट. हा विषाणू लैंगिक संबंधातूनही पसरतो. म्हणून अशा प्रदेशातून परतल्यावर पुरुषाने तीन महिने व स्त्रीने दोन महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला देतात. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ मध्ये पुणे शहरातील रुग्णांत गर्भवतीही होत्या. तेव्हा घरी राहिल्यानेही धोका शून्यावर येतो असे नाही.

पीतज्वर : धोका व उपाय यांची खरी तुलना येथे करावी लागते. या रोगाच्या गंभीर अवस्थेत यकृत व मूत्रपिंडे निकामी होतात व मृत्यूचे प्रमाण मोठे असते. विशिष्ट औषध नाही. उलट माक्स टायलर यांनी १९३० नंतरच्या दशकात सिद्ध केलेली १७डी ही लस अत्यंत परिणामकारक असून त्यासाठी त्यांना १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लस न घेता दोन आठवडे राहणाऱ्या प्रवाशाला हा रोग होण्याचा अंदाज पश्चिम आफ्रिकेतील रोगप्रवण भागात दर लाखी ५०, तर दक्षिण अमेरिकेतील अशा भागात दर लाखी ५ असा वर्तविला गेला आहे. मृत्यूचा अंदाज अनुक्रमे दर लाखी १० व १. हे आकडे दोन आठवड्यांच्या मुक्कामाचे आहेत, बंदराच्या बाजारपेठेत घालविलेल्या एका दुपारचे नव्हेत. लशीमुळे शरीरातील अंतस्थ इंद्रिये निकामी होण्याचा गंभीर दुष्परिणाम एकूण लशीकरणात दर लाखी सु. ०.३ इतक्यांनाच होतो. परंतु वयाच्या साठीनंतर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. प्रवासी जहाजांवर निवृत्त माणसांची संख्या मोठी असल्याने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. सत्तरीच्या गृहस्थाने केवळ काही तास किनाऱ्यावर उतरण्यासाठी ही लस घेतली, तर टळणाऱ्या धोक्याहून ओढवून घेतलेला धोका मोठा ठरू शकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आत जाणाऱ्या तिशीतील निरोगी प्रवाशाने ती न घेणे मात्र अविचाराचे ठरेल.

कॅरिबियन बेटांपैकी फक्त त्रिनिदाद हे पीतज्वराच्या प्रदेशात मोडते. मुख्य भूमीवर पनामाचा कालव्याच्या पूर्वेकडील भाग आणि दक्षिण अमेरिकेचा मोठा प्रदेश त्यात येतो. कालव्याच्या परिसरात रोगाचा धोका नगण्य आहे. तथापि भारताच्या नियमांत पनामा हा संपूर्ण देश पीतज्वराचा म्हणून धरला जातो. येथे वैद्यकीय धोका एक आणि कायदेशीर आवश्यकता दुसरी अशी स्थिती उद्भवते. भारताचा कडकपणा अनाठायी नाही : येथे पीतज्वर नाही, पण तो पसरविणारा डास घरोघर आहे आणि लोकांत त्या विषाणूविरुद्ध प्रतिरक्षा नाही. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रवाशाजवळ वैध प्रमाणपत्र नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते व ११ जुलै २०१६ पासून ते आजन्म वैध मानले जाते. वैद्यकीय कारणास्तव लस देता येत नसल्याचे पत्र वैद्य देऊ शकतो, परंतु ते मान्य करणे हे आगमनाच्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांवर अवलंबून असते. वृद्ध प्रवाशाला दोन मार्ग सुचविता येतील : बंदरांची यादी पाहून पीतज्वराचे देश नसलेली सहल निवडणे, अथवा परतीपूर्वी फ्लॉरिडासारख्या रोगमुक्त ठिकाणी सहा दिवसांहून अधिक मुक्काम करणे. जहाजाचे तिकीट काढण्यापूर्वीच ही यादी तपासली पाहिजे, कारण पैसे भरल्यावर निवड करण्यास वाव उरत नाही.

संरक्षण व परतल्यानंतरची दक्षता : किनाऱ्यावर उतरताना अंग झाकणारे, फिकट रंगाचे सैल कपडे घालावेत व उघड्या त्वचेवर डीईईटी (२० ते ३० टक्के) किंवा पिकॅरिडीन असलेले डासरोधक मलम लावावे. उन्हापासून रक्षण करणारे मलम आधी व डासरोधक नंतर लावतात. पोहून आल्यावर ते पुन्हा लावावे लागते, आणि समुद्रस्नानाच्या सहलीत नेमका याचाच विसर पडतो.

विषाणुजन्य रोगांचा परिपाककाल सर्वसाधारणपणे ३ ते १४ दिवसांचा असल्याने सात दिवसांच्या सहलीत लागण झालेला प्रवासी बहुधा घरी परतल्यावरच आजारी पडतो. हिवताप त्यानंतर कित्येक आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनीही उद्भवतो. म्हणून ताप आल्यास वैद्याला कोणत्या तारखेस कोणत्या बंदरात उतरलो होतो हे सांगावे. डेंगू नसल्याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. तापाचा पहिला आठवडा रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत काढावा. त्या काळात त्याच्या रक्तात विषाणू असतात आणि त्याच्या घराच्या गच्चीवरील पिंपात वाढलेला डास त्याला चावल्यास रोग त्याच्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचू शकतो.