पार्किन्सन्समध्ये ऑक्युपेशनल थेरपी: रोजची कामे शक्य तितकी स्वतः करता यावीत म्हणून

पार्किन्सन्सचे निदान झाले की घरात पहिली चौकशी गोळ्यांची होते. ते योग्यच आहे. पण पुढे काही प्रश्न असे येतात की ज्यांना केवळ गोळी पुरत नाही. शर्टाची बटणे लागत नाहीत, आमटी चमच्यातून सांडते, रात्री कूस बदलता येत नाही, बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी ऑक्युपेशनल थेरपीचा उपयोग होतो.

ही थेरपी म्हणजे काय?

मराठीत हिला व्यवसायोपचार म्हणतात. त्यामुळे नोकरीधंद्याशी संबंध असावा असे वाटते. येथे 'व्यवसाय' म्हणजे माणूस दिवसभरात करतो ती सगळी कामे: आंघोळ, कपडे, जेवण, पूजा, स्वयंपाक, लिहिणे, बाजारहाट. फिजिओथेरपीचा भर चालणे, तोल, स्नायूंची ताकद आणि लवचिकता यांवर असतो. ऑक्युपेशनल थेरपी एखादे ठरावीक काम कसे जमेल हे पाहते. अनेक रुग्णांना दोन्हींची गरज लागते. भारतात या विषयाचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. आज बहुतेक मोठ्या शहरांत प्रशिक्षित थेरपिस्ट आहेत.

नेमके काय बिघडते?

आपण बटण लावताना विचार करत नाही. सवयीच्या हालचाली मेंदूतील बेसल गँग्लिया हा भाग आपोआप चालवतो आणि त्यासाठी डोपामिन लागते. पार्किन्सन्समध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे हालचाल मंद आणि लहान होते, अक्षर बारीक होत जाते. ताकद बरीचशी शाबूत असते, बिघडते ती आपोआप होणारी क्रिया.

मात्र लक्ष देऊन, ठरवून हालचाल करण्याचा मार्ग बराच काळ उपयोगी पडतो. थेरपीतील बरीचशी तंत्रे याच मार्गाचा वापर करतात: कामाचे टप्पे पाडणे, एका वेळी एकच काम करणे, आणि डोळ्यांना किंवा कानांना खूण देणे.

उपयोगी पडणारी काही तंत्रे

• पाय अडकल्यास: आधी पूर्ण थांबा. श्वास घ्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या आणि मग 'एक, दोन' म्हणत मोठे पाऊल टाका. नेहमी अडकण्याच्या जागी जमिनीवर ठळक रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या तर त्या ओलांडताना पाऊल उचलले जाते. चालताना बोलणे किंवा हातात काही नेणे टाळा.

• खुर्चीतून उठताना: काठाशी सरका, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, पुढे झुका आणि मग उठा. खुर्ची उंच आणि हातांची असावी. उठल्यावर लगेच चालू नका, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

• कूस बदलताना: गुडघे दुमडा, मान आणि हात त्या बाजूला न्या, मग गुडघे कलवा. कमरेखाली गुळगुळीत सॅटिनचा पट्टा घातल्यास वळणे सोपे होते. पूर्ण चादर मात्र सॅटिनची नको, काठावरून घसरण्याची भीती असते.

• जेवताना: जाड मुठीचा चमचा, उभ्या काठाची थाळी, खाली न सरकणारी रबरी चटई आणि अर्धाच भरलेला कप. कोपर टेबलावर टेकवल्यास हात स्थिर राहतो. वजनदार चमच्याचा फायदा सर्वांनाच होत नाही, म्हणून आधी वापरून पाहा.

• कपडे घालताना: बसून घाला. जास्त कडक झालेली बाजू आधी बाहीत घाला. बटणांऐवजी वेल्क्रो, नाडीऐवजी इलॅस्टिक, आणि हवी असल्यास शिवून तयार केलेली साडी.

• लिहिताना: आखीव कागद आणि जाड पेन घ्या. अक्षर मोठे काढायचे असे मनाशी म्हणत लिहा.

• बाथरूममध्ये: भिंतीत पक्के बसवलेले दांडे (टॉवेलचा दांडा आधारासाठी नसतो), आंघोळीला स्टूल, उंच कमोड, न घसरणारी चटई. दाराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी हवी. घरातील सैल पायपुसणी काढा आणि उंबरठ्यावर ठळक रंगाची पट्टी लावा.

थेरपिस्ट शक्य असल्यास घर पाहून यातले काय तुम्हाला लागू आहे ते ठरवतात. म्हणून पहिल्या भेटीला जाताना दोन गोष्टी लिहून न्या: जमावीत अशी सर्वांत जास्त वाटणारी तीन कामे, आणि औषधाचा परिणाम दिवसात केव्हा चांगला असतो व केव्हा उतरतो. आंघोळीसारखी अवघड कामे चांगल्या वेळेत बसवता येतात.

घरच्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे

वेळ लागतो म्हणून आपण घास भरवतो, बटणे लावतो, कपडे घालतो. हेतू मायेचाच असतो. पण जे काम रोज दुसरा करतो, त्याचा सराव सुटतो आणि ते हातातून लवकर जाते. त्याबरोबर 'मला काहीच जमत नाही' ही भावनाही येते. म्हणून पूर्ण काम करून देण्याआधी फक्त अडलेला टप्पा करून द्या. वरचे एक बटण तुम्ही लावा, बाकीची त्यांना लावू द्या. 'लवकर आवरा' म्हटल्याने घाई होते आणि हालचाल आणखी अडते. पाय अडकले असता हात धरून ओढू नका किंवा मागून ढकलू नका.

मात्र पडण्याचा धोका असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा रुग्ण थकलेला असेल, तर मदत करायलाच हवी. काही दिवशी त्यांची शक्ती आंघोळीत संपण्यापेक्षा नातवंडांशी खेळण्यासाठी राखणे हा योग्य निर्णय असतो. तो त्यांना विचारून घ्या.

कितपत फायदा होतो?

ही थेरपी आजार बरा करत नाही आणि त्याची गती थांबवते असाही पुरावा नाही. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९१ रुग्ण होते. ज्यांना १० आठवडे घरी येऊन थेरपी दिली, त्यांना स्वतः निवडलेली कामे अधिक चांगली जमू लागल्याचे जाणवले. ब्रिटनमधील ७६२ रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासात मात्र सौम्य ते मध्यम आजारात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या मोजक्या भेटींचा लक्षणीय उपयोग दिसला नाही. यातून व्यवहारात एवढे घ्यावे: ध्येय तुमचे असावे, सराव घरी व्हावा आणि एकदोन भेटींत चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

केव्हा जावे?

एखादे काम टाळावेसे वाटू लागले की तीच वेळ. पडझड होण्याची वाट पाहू नका. तंत्रे शिकायला लक्ष आणि स्मरण लागते, म्हणून लवकर सुरुवात केलेली चांगली. आजार पुढे सरकला की पुन्हा दाखवा, कारण मागच्या वर्षीचा उपाय या वर्षी पुरेल असे नाही.

इतर आजारांत उपाय वेगळे असतात. मोटर न्यूरॉन आजारात स्नायू दमेपर्यंत व्यायाम न करता शक्ती वाचवणे आणि बोलण्याची पर्यायी साधने वेळेत शिकणे महत्त्वाचे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये थकवा आणि उष्णता सांभाळावी लागते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या आजाराचे उपाय परस्पर करू नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास अनेक सवलती मिळू शकतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाबद्दल जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या यादीसोबत अडणाऱ्या कामांची यादीही न्या आणि न्यूरॉलॉजिस्टना ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवण्याबद्दल विचारा.