औषधांना न जुमानणारी फिट : दोष प्रतिकारशक्तीचाही असू शकतो

कुणाला फिट आली की आपल्याकडे कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात. तरुण मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागली तर 'बाहेरची बाधा' म्हणून मांत्रिकाकडे नेतात. यात उपचाराचे मोलाचे आठवडे वाया जातात. म्हणून या आजाराची माहिती आम्ही देत आहोत.

प्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडे बनवते. कधी कधी हीच प्रतिपिंडे चुकून मेंदूवर हल्ला करतात. मेंदूला सूज येते, फिट येतात, वागणे बदलते, झोप उडते. याचा एक प्रमुख प्रकार डॉ. जोसेप डालमाऊ यांनी २००७ मध्ये उजेडात आणला. तो तरुण स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. काहींच्या अंडाशयात गाठ असते, ती काढावी लागते.

२००९ मध्ये न्यूयॉर्कची २४ वर्षांची पत्रकार सुझॅना कॅहलन हिला हाच आजार झाला. एका डॉक्टरने दारूला दोष दिला. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. तिने सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच लिहिले. मेंदूच्या उजव्या भागाला सूज असल्याचे त्यावरून त्यांनी ओळखले. उपचारानंतर ती पुन्हा कामावर रुजू झाली.

अशा रुग्णाला फिटच्या गोळ्या पुरत नाहीत, मूळ हल्ला थांबवावा लागतो. त्यासाठी आधी शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलतात. गुण न आल्यास रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड देतात. ५७७ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी तपासलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण चांगले सावरले होते. उपचार लवकर मिळालेल्यांना अधिक फायदा झाला.

या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून आधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी करून घ्यावी. ताप आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नये.

प्रत्येक फिट अशी नसते. पण धडधाकट माणसाला अचानक वारंवार फिट येऊ लागल्या आणि काही आठवड्यांत त्याचे वागणेही बदलले, तर त्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. रक्तातील आणि पाठीच्या मणक्यातील पाण्यातील प्रतिपिंडे तपासायची का, हे त्यांना जरूर विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच नको. गंडेदोऱ्यात गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.